कोलकात्याला जाताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बिलासपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने सहकुटुंब सहल काढावी आणि ती कोलकात्याला काढावी, असा ठराव गेल्या सर्वसाधारण सभेत झाला. नोकरीच्या निमित्ताने मी त्या शहरात सहा वर्षे काढली असल्याने, सहलीची आखणी कशी करावी याविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांनी आज्ञा केली. ठरावाला सूचना जोडणे हे आम्हा सरकारी माणसांचे आवडते काम. परंतु या सूचनांना केवळ वेळापत्रकाचे स्वरूप देऊन माझे काम संपेल असे मला वाटत नाही. कोलकात्याला जाणारा मराठी माणूस आणि तेथे जाणारा अन्य कोणी प्रवासी यांत एक फरक आहे. त्या फरकाकडे मी शेवटी येणारच आहे. तूर्त वेळापत्रकापासून आरंभ करतो.

पहिला प्रश्न काळाचा. एप्रिल ते जून हे महिने आपण वर्ज्य मानावेत. तेथील पारा आपल्या बिलासपूरइतका चढत नाही हे खरे; पण हवेतील दमटपणा असा असतो की सावलीत बसूनही अंगातला सदरा निथळावा. जूनपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत पाऊस. मग दुर्गापूजा. युनेस्कोने २०२१ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात समाविष्ट केलेला हा उत्सव प्रत्येकाने जन्मात एकदा तरी पाहावा. मात्र चाळीस माणसांचा, त्यात सहा-सात ज्येष्ठांचा आणि दहा-बारा मुलांचा मेळा घेऊन पाहू नये. षष्ठीपासून दशमीपर्यंत सारे शहर रात्रभर रस्त्यावर असते, आणि कचेऱ्या व संग्रहालये यांच्या दारांना कुलपे असतात. मकरसंक्रांतीच्या सुमारास गंगासागरच्या यात्रेमुळे हावड्याला उभे राहावयास जागा नसते. नाताळच्या आठवड्यात राहण्याची सोय दुर्मीळ आणि महाग. या सर्वांतून चाळून काढता माझ्या मते डिसेंबरचा पहिला पंधरवडा उरतो. हवा कोरडी व आल्हाददायक, आणि खजुराच्या नव्या गुळाचा संदेश तेव्हा मिठाईच्या दुकानात नुकताच आलेला असतो. हे कारणही मी कमी महत्त्वाचे मानीत नाही.

दुसरा प्रश्न दिवसांचा. येथून हावडा सुमारे सातशे वीस किलोमीटर. गुरुवारी कचेरी सुटल्यावर रात्रीच्या गाडीने निघावे आणि पुढच्या आठवड्यातील रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसावे. हाती दहा दिवस लागतात आणि रजा मात्र सहाच दिवसांची खर्ची पडते. हा हिशेब मी आमच्या कचेरीतील एका निवृत्त मुख्य लिपिकाकडून शिकलो. या विषयात त्याचा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही.

तिसरा प्रश्न क्रमाचा. येथे दोन नियम पाळावेत. एक, एका दिवशी शहराचा एकच भाग. उत्तर कोलकाता आणि दक्षिण कोलकाता एका दिवसात उरकू पाहणारा प्रवासी दोन्हीकडील वाहनांची कोंडी तेवढी पाहून येतो. दुसरा, सुट्टीचे वार ध्यानात ठेवणे. इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालने, जोडासांकोची ठाकुरबाडी आणि नेताजी भवन ही सारी सोमवारी बंद असतात. कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तकांची बहुतेक दुकाने रविवारी बंद. शांतिनिकेतनात साप्ताहिक सुट्टी बुधवारी. बेलूर मठ आणि दक्षिणेश्वर दुपारी काही तास बंद. एवढे ज्याने कागदावर लिहिले त्याची निम्मी आखणी झाली.

त्याप्रमाणे शुक्रवारी सकाळी हावड्याला उतरल्यावर विश्रांती घ्यावी आणि सायंकाळी केवळ नदीवर जावे. हावड्याच्या घाटावरून नावेने पलीकडे जाताना डोक्यावर तो १९४३ साली खुला झालेला प्रचंड पूल दिसतो. त्यात एकही नटबोल्ट नाही, सारे सांधे रिव्हेटचे. त्याचे अधिकृत नाव १९६५ पासून रवींद्र सेतू. मुखी मात्र हावडा पूलच राहिला. मुलांना परतताना नदीखालून न्यावे. मार्च २०२४ पासून मेट्रो हुगळीच्या पात्राखालून धावते. भारतातील पहिली मेट्रोही याच शहरात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाली होती.

शनिवार उत्तर कोलकात्यासाठी. सकाळी कुमारटुली, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती. डिसेंबरात दुर्गा नसते. पण पुढे येणाऱ्या सरस्वतीच्या मूर्तींचे पेंढ्याचे सांगाडे बांधलेले दिसतात, आणि मूर्तीचे रहस्य रंगापेक्षा पेंढ्यात व चिखलात अधिक कळते. तेथून जोडासांको. रवींद्रनाथ १८६१ साली ज्या वास्तूत जन्मले आणि १९४१ साली जेथे त्यांनी देह ठेवला, ती ही वास्तू. दुपारनंतर कॉलेज स्ट्रीट. १८१७ चे हिंदू कॉलेज, १८२४ चे संस्कृत कॉलेज आणि मुंबई विद्यापीठाच्याच वर्षी, १८५७ साली, स्थापन झालेले कलकत्ता विद्यापीठ ही तिन्ही एकाच रस्त्याच्या आधाराने उभी राहिली.

रविवारी मध्य भाग. १८१४ साली स्थापन झालेल्या इंडियन म्युझियममध्ये सर्व दालने पाहण्याचा हव्यास धरू नये. भारहुतच्या स्तूपाचे कठडे आणि तोरण पाहावे, आणि तेथेच तासभर घालवावा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने जातककथा दगडात कशा सांगितल्या हे मुलांना दाखवता आले, तर तिकिटाचे पैसे वसूल. मग १९२१ साली पूर्ण झालेले, मकराण्याच्या संगमरवराचे व्हिक्टोरिया मेमोरियल. सोमवारी संग्रहालये बंद, म्हणून दक्षिणेश्वर आणि बेलूर. राणी रासमणीने १८५५ साली बांधलेल्या मंदिरापर्यंत आता मेट्रो जाते. तेथून बेलूरला नावेनेच जावे.

मंगळवार श्रीरामपूर आणि चंद्रनगर यांच्यासाठी. हावड्याहून लोकल गाडीने हे सहज साधते. येथे इंग्रज, डेन, फ्रेंच, पोर्तुगीज अशा युरोपीय व्यापाऱ्यांच्या वसाहती एकाच नदीच्या काठाने ओळीने बसल्या होत्या. चंद्रनगर १९५० पर्यंत फ्रेंचांकडे होते. श्रीरामपूर १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या राजाचे. या श्रीरामपूरशी आपले नाते विशेष आहे. विल्यम केरी या मिशनऱ्याने येथूनच १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले आणि १८१० साली मोडी लिपीत मराठी कोश काढला. फोर्ट विल्यम कॉलेजातील पंडित वैजनाथशर्मा यांच्या साहाय्याने ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ साली आणि ‘हितोपदेश’ १८१५ साली याच मुद्रणालयातून बाहेर पडले. मुंबई-पुण्यास मराठी पुस्तकांची छपाई रुजण्यापूर्वी मराठी गद्याची पहिली मुद्रित पाने हुगळीच्या काठी निघाली. परक्या मुलखात मराठीचे काय होणार, ही चिंता आपण दरवर्षी वार्षिक अहवालात व्यक्त करतो. मराठीच्या मुद्रित गद्याचा जन्मच परमुलखातला आहे, हे त्या गावी उभे राहिले की कळते.

बुधवार मोकळा ठेवावा. सहलीत एक दिवस मोकळा नसला तर ती सहल राहत नाही, दौरा होतो. ज्यांना साड्या घ्यावयाच्या त्यांनी साड्या घ्याव्यात, ज्यांना नेताजी भवन पाहावयाचे त्यांनी ते पाहावे, ज्यांना झोपावयाचे त्यांनी खुशाल झोपावे. गुरुवारी शांतिनिकेतन आणि तेथे एक मुक्काम. देवेंद्रनाथांनी १८६३ साली घेतलेली ही माळरानाची जागा. १९०१ साली तेथे रवींद्रनाथांची शाळा निघाली आणि १९२१ साली विश्वभारती. २०२३ साली हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथील कलाभवनात नंदलाल बसूंचे शिष्य विनायक मासोजी या आपल्या माणसाने अध्यापन केले होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. रामकिंकरांनी उघड्यावर उभारलेले संथाळ कुटुंबाचे शिल्प मात्र कोणीही चुकवू नये. शुक्रवारी दुपारी परत, आणि शनिवारी सकाळी विष्णुपूर.

आता विष्णुपूर कशासाठी, असे कोणीही विचारील. कार्यकारिणीच्या बैठकीत तरुण मंडळींनी सुंदरबन सुचविले आहे आणि काही वडीलधाऱ्यांनी गंगासागर. दोन्ही स्थळे थोर आहेत. पण सुंदरबनाला निदान दोन दिवस नावेत राहावे लागते, परवानगीची व्यवस्था करावी लागते, आणि वाघाचे दर्शन कोणाच्याही आखणीत बसत नाही. गंगासागराचा प्रवास ज्येष्ठांना शिणवणारा. आखणी म्हणजे काय घ्यावे याइतकेच काय सोडावे हे ठरविणे. विष्णुपूर खरगपूर-आद्रा मार्गावर आहे आणि खरगपूर आपल्या परतीच्याच वाटेवर. म्हणून ते सोयीचे. परंतु सोय हे दुय्यम कारण. मुख्य कारण सांगावयाचे तर मला आता त्या फरकाकडे वळले पाहिजे, ज्याचा आरंभी उल्लेख केला.

१७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन निघाले आणि त्यांनी येथून हाकेच्या अंतरावरचे रतनपूर घेतले. पुढे बिंबाजी भोसले तेथे राहू लागले, त्यांनी रामटेकडीवर राममंदिर बांधले, त्यांच्याबरोबर कारकून, पुराणिक, शिलेदार आले. आपल्यातील काही घराणी त्याच ओघात या मुलखात स्थिरावली. आपण अभिमानाने सांगतो तो इतिहास येथवर येऊन थांबतो. भास्करपंत मात्र थांबले नाहीत. छोटा नागपूरच्या जंगलातून ते १७४२ साली वर्धमानकडे उतरले, आणि पुढील नऊ-दहा वर्षे बंगालने जे भोगले ते तेथील लोक अद्याप विसरलेले नाहीत. ज्या स्वाराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. आपल्या भाषेत हा केवळ फौजी हुद्दा. बंगाली भाषेत त्याचा ‘बर्गी’ झाला, आणि बर्गी म्हणजे गावे जाळणारा, पिके तुडविणारा, घरात शिरून लुटणारा. आजही बंगाली आई तान्ह्या मुलाला निजवताना जे अंगाईगीत म्हणते त्यात हे बर्गी येतात. ते बर्गी म्हणजे आपण.

गंगाराम नावाच्या कवीने त्या काळातच लिहिलेल्या बंगाली काव्याचे नाव आहे ‘महाराष्ट्र पुराण’. नाव वाचून कोणाही मराठी माणसाची छाती फुगावी. आत मात्र लुटीची आणि पळून जाणाऱ्या गावकऱ्यांची वर्णने आहेत. कोलकात्यातील इंग्रज आणि एतद्देशीय रहिवाशांनी मराठ्यांच्या भयाने एक खंदक खणावयास घेतला होता. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड निघाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली अद्याप आहे. शनिवारी कुमारटुलीहून जवळच असलेल्या त्या गल्लीतून आपण सर्वांनी चालत जावे, असे मी सुचवितो. पाहण्यासारखे तेथे काही नाही. फक्त पाटी आहे.

याच घटनेची दुसरी बाजूही आहे, आणि तीही मुलांना सांगावी. १७४२ च्या नवरात्रात भास्करपंतांनी कटव्याजवळ दाईहाट येथे दुर्गापूजा मांडली होती. ती पुरी होण्याआधीच अलीवर्दीखानाने पहाटे नदी उतरून छापा घातला. १७४४ साली बोलणी करावयास बोलावून त्याच नबाबाने भास्करपंतांचा आणि त्यांच्या सरदारांचा तंबूत घात केला. १७५१ साली तह झाला, तो बंगालच्या चौथाईपोटी सालीना बारा लाख रुपयांच्या करारावर. नागपूरच्या बखरींत हा विजय आहे. वर्धमानच्या शेतकऱ्याला तो विजय कसा वाटला असेल, हे बखरीत लिहिलेले नसते. तोही हिंदू होता, तोही त्या नवरात्रात देवीपुढे बसला होता. आणि त्याच्या लेखी आपण आणि नबाब दोघेही वसुलीलाच आलो होतो.

विष्णुपूरला सुमारे साडेबारा फूट लांबीची एक लोखंडी तोफ आहे. नाव दलमर्दन, बोलीत दलमादल. मराठे शहराच्या वेशीवर आले तेव्हा राजा गोपालसिंहाने प्रजेला मदनमोहनाचे नामस्मरण करावयास सांगितले, आणि देवाने स्वतः रात्री ही तोफ डागून शत्रू पळविला, अशी तेथील श्रद्धा आहे. गावातील विटांची देवळे, रासमंच, १६५५ चे जोडबांगला, १६९४ चे मदनमोहन मंदिर, ही भाजलेल्या मातीच्या फरशांवर कोरलेली महाभारत-भागवते आहेत; ती पाहून डोळे निवतात. तेथील रहिवासी ही गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगतो, आणि मग विचारतो, ‘आपण कोठून आलात?’

या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, यासाठी मला विष्णुपूर हवे आहे. रजा प्रवास सवलतीच्या अर्जात ‘स्वग्राम’ असा एक रकाना असतो. माझ्या वडिलांनी तो न अडखळता भरला. मी भरताना क्षणभर थांबतो. येथे मागे बसलेली आमची मुले काय लिहितील, हे मला सांगता येणार नाही. बहुधा बिलासपूर लिहितील, आणि ते योग्यच होईल. त्यांना आयुष्य काढावयाचे आहे ते दुसऱ्यांच्या गावांत, दुसऱ्यांच्या आठवणींच्या शेजारी. आपल्या पराक्रमाच्या कथा त्यांना आपण पाजल्या आहेत. त्याच कथेत दुसरी कोणी आई आपल्या बाळाला उराशी धरून बसली होती, हे त्यांना कोणी परक्याने भांडणात सुनावण्यापूर्वी आपणच सांगणे बरे. त्याने शिवछत्रपतींविषयीचा आदर तिळभरही उणा होत नाही. उलट रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये ही त्यांची शिकवण पुढच्यांच्या हातून कोठे सुटली, हे ध्यानी येऊन तो वाढतो.

आणि आनंदाची गोष्ट ही की बंगालने ही आठवण ठेवूनही आपल्याशी स्नेह जोडला. रमेशचंद्र दत्तांनी १८७८ साली शिवाजीच्या उदयावर बंगाली कादंबरी लिहिली. त्याच वर्षी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहून गेले. त्यांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. देवघरजवळ जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर मराठी घराण्यातले; त्यांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगालीत लिहिला आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. याच देउस्करांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली, आणि त्यात बर्गींची स्मृती डोळ्याआड न करता शिवाजीचे स्वागत केले. १९०६ साली लोकमान्य कोलकात्याच्या शिवाजी उत्सवास गेले. पुढे जोतिरिंद्रनाथांनी ‘गीतारहस्य’ बंगालीत आणले, मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले, आणि पु. ल. देशपांडे यांनी ऐन प्रौढ वयात शांतिनिकेतनात राहून बंगालीचा अभ्यास केला व ‘वंगचित्रे’ लिहिली. बारगीर घोड्यावरून गेले होते. हे सारे नंतर पुस्तक हातात घेऊन गेले.

तेव्हा विष्णुपूरच्या त्या गृहस्थाला मोकळेपणाने सांगावे की आम्ही मराठी, बिलासपूरचे. ज्यांच्यावर तुमच्या देवाने तोफ डागली त्यांच्याच वाटेने आलो आहोत, पण तुमची देवळे पाहावयास. माझा अनुभव असा की यावर समोरचा मनुष्य प्रथम हसतो आणि नंतर चहा मागवितो.

आता चार व्यावहारिक गोष्टी सांगून आवरते घेतो. पहिली, जेवणाची. बंगालात शाकाहाऱ्याचे हाल होतात हा समज निराधार आहे. शुक्तो, केळफुलाचा घंट, छेन्याचा डालना, खसखशीतले बटाटे या गोष्टी ज्याने चाखल्या तो पुन्हा डब्यातल्या चिवड्याकडे वळणार नाही. मत्स्याहारी मंडळींना मी काही सांगण्याची गरज नाही. फक्त इलिशातील काटे मुलांना निवडून द्यावेत. दुसरी, राहण्याची. मुक्काम मेट्रोच्या स्थानकाजवळ असावा. भाडे थोडे अधिक पडले तरी ज्येष्ठांचे पाय वाचतात. तिसरी, आरक्षणाची. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडते. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी ऑक्टोबरच्या आरंभीच नावे व वये चिटणीसांकडे हवीत. ऐनवेळी ‘आमच्या मेहुण्यांनाही घ्या’ ही विनंती मान्य होणार नाही, असा ठराव कार्यकारिणीने आताच करून ठेवावा.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या या गावात रेल्वेच्या आरंभापासून बंगाली कुटुंबे आहेत. त्यांच्या दुर्गापूजेचा प्रसाद आपण खातो आणि आपल्या गणेशोत्सवाला ती येतात. याहून पुढे आपली ये-जा गेलेली नाही. सहलीपूर्वी एका रविवारी त्यांपैकी काही जणांना मंडळात बोलवावे. माझी ही आखणी त्यांच्यापुढे ठेवावी, तिच्यातल्या उणिवा त्यांना काढू द्याव्यात, आणि त्यांच्या घरातील एखाद्या आजीला ते अंगाईगीत म्हणावयास सांगावे. आपल्या मुलांनी ते प्रथम कोलकात्यात कोणा अनोळखी माणसाकडून ऐकण्यापेक्षा येथे, ओळखीच्या तोंडून ऐकावे. आणि नंतर आपणही त्यांना एखादी ओवी ऐकवावी.

सहलीची वर्गणी आणि नावे देण्याची वही दाराशी ठेवली आहे. ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळावा म्हणून वय खरे लिहावे, एवढी भगिनीवर्गास नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.